टक्केमामांचा कोरा रकाना

टक्केमामांनी सख्ख्या बहिणीच्या शाळेला पहिल्या नंबरावरून थेट सत्ताविसाव्यावर आणलं, ते म्हणे तिनं त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकाला चारचौघांत नावं ठेवली म्हणून! जिल्हाभर कुजबुज झाली. स्वयंपाक नावं ठेवण्याजोगाच असतो, असं जेवून आलेले सांगतात. पण ते असो.

मामा शिक्षण कार्यालयात कारकून. खेड्यापाड्यांतल्या एकतीस हायस्कुलांच्या दहावीच्या निकालाचा तुलनातक्ता दरवर्षी तेच करायचे. तोंडात सदा टक्के, म्हणून हे नाव. त्यांची ताई त्यांतल्याच एका शाळेची मुख्याध्यापिका. निकाल सलग नऊ वर्षं शंभर टक्के. दहाव्यांदा पहिला नंबर घेऊन निवृत्त व्हायचं, एवढाच तिचा हट्ट. मामाही ताईच्या शाळेच्या नावाखाली पट्टी धरून दोन रेघा ओढायचे, बाकीच्यांना एक.

त्या वर्षी तक्त्यात नवा रकाना आला : आदल्या वर्षी नववीत मुलं किती होती? टक्के आता त्या आकड्यावर काढायचे. आकडा नसेल तर जुन्या पद्धतीनं, परीक्षेला बसलेल्यांवर. तीस शाळांनी आकडा कळवला. ताईचा रकाना कोरा.

विसरली असेल बिचारी, म्हणून मामांनी कपाटातून तिच्या शाळेचा पट काढला. नववीत एक्केचाळीस. दहावीला बसलेली तेवीस. मामांनी चष्मा पुसला, नावांवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. तेवढीच. फोन लावला.

“ताई, अठरा पोरं गेली कुठं?”

“कच्ची होती रे. आईबापांना बोलावलं, दाखले हातात दिले.”

“दहावीच्या तोंडावर?”

“मग शंभर टक्के काय झाडाला लागतात? कोराच पाठव तो रकाना, शहाण्या. कोण बघतंय!”

फोन बंद झाला तरी मामांच्या कानालाच होता. समोरच्या चहावर साय धरली. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “मामा, कोणी गेलं की काय?” नववीत दोनदा आपटलेल्या मामांना कान धरून पुन्हा वर्गात बसवणारी ती हीच ताई. भागाकार तिनंच शिकवलेला, स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं.

संध्याकाळी त्यांनी तो भागाकार केला. छप्पन्न टक्के. खाली एकच रेघ ओढली.

ताईच्या निरोप समारंभाचं बोलावणं भावाला आलं नाही.

खरं म्हणाल तर स्वयंपाकावरून कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. अठरा मुलांना शाळेनं घरी पाठवलं होतं, आणि मामांनी ती मोजली.