दसऱ्याची आवृत्ती

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी आवृत्ती देऊ, असं मी सगळ्यांना ईमेलवर कळवून टाकलं आणि दसरा कधी आहे ते नंतर पाहिलं. गेल्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून दसरा ऑक्टोबर सरत आल्यावर आला होता. माझ्या डोक्यात तोच बसलेला. यंदा तो चांगलाच अलीकडे सरकला होता. तोवर आमच्यातल्या एका जर्मन माणसाने इंटरनेटवर शोधून खरी तारीख प्रकल्पाच्या पानावर चढवलीही होती. जर्मन माणसाने मला माझा सण सांगावा! लाजेकाजेस्तव मी ‘हो, तीच’ असं उत्तर दिलं, आणि चाचणीसाठी धरलेले दिवस तिथेच गेले.

प्रकल्प म्हणजे झाडांची मोजमापं नोंदवायचा एक छोटा प्रोग्राम. देशोदेशीची माणसं नोकरी सांभाळून, फुकट तो लिहायची; कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. मी आठवडाभर हॉलंडात युट्रेख्टला नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी डीमन गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये या प्रोग्रामचा रिलीज मॅनेजर व्हायचो. म्हणजे नवी आवृत्ती कधी बाहेर पडणार ते मी ठरवायचो. घरातल्या पडद्यांचा रंगही मला कुणी ठरवू देत नव्हतं, त्यामुळे हे पद मला फार प्रिय होतं.

वाखनिंगनला पीएच.डी. करणारी सांगलीची एक मुलगी सणावाराला आमच्याकडे यायची. काचघरात बटाट्याच्या रोपांची पानं मोजून ती आकडे थेट लॅपटॉपवर, आमच्याच प्रोग्राममध्ये भरायची. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि सगळा प्रबंध त्या आकड्यांवर उभा होता.

दसऱ्याचं जेवण त्या आठवड्यातल्या शनिवारी ठेवलं होतं.

“काय गं, अजून जुनीच आवृत्ती?” मी विचारलं.

“चालतंय की दादा. राहू दे.”

“अगं, दसऱ्याला नवं घ्यायचं असतं.”

“तिला आधी जेवू दे,” बायको म्हणाली.

पुऱ्या तळून होईपर्यंत मी तिच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती घातली, तिची फाइल उघडून दाखवली आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. “दादा, माझ्या सगळ्या पानांची लांबी पूर्णांकात आलीय.”

हॉलंडात दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. नवी आवृत्ती स्वल्पविरामापाशी थांबत होती आणि पुढचे आकडे टाकून देत होती. एवढ्यावर थांबती तरी ठीक. पण उघडलेली फाइल ती लगेच जुनीवर जतनही करायची. ही सोय माझीच कल्पना. आम्ही सगळे इंग्रजी मांडणीच्या, म्हणजे दशांशाला टिंब देणाऱ्या, मशिनवर काम करणारे. हॉलंडात राहणारा मी एकटा, आणि डच मांडणीच्या मशिनवर एकदा चालवून बघायचं मलाच सुचलं नाही.

“प्रत काढली होतीस ना?”

“उन्हाळ्याच्या आधीची आहे.”

“आणि रोपं?”

“उपटली. कंपोस्टात गेली, दादा.” ती रडत नव्हती. रडली असती तर मला बोलायला काहीतरी सुचलं असतं.

प्राध्यापक सभ्यपणे म्हणाले, हंगाम पुन्हा करावा लागेल. शिष्यवृत्ती देणारे तितक्याच सभ्यपणे म्हणाले, मुदत वाढणार नाही. ती सांगलीला परत जायचं बघू लागली.

मी कामाला लागलो, कारण फोन करण्यापेक्षा ते सोपं होतं. सगळ्यांना लांबलचक ईमेल लिहिलं: आवृत्तीची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच ठरेल, सण पाहून नाही. त्या तारखेच्या आधी काही आठवडे नवं काहीही आत येणार नाही, फक्त चाचणी होईल. जे तयार नसेल ते पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबेल. देशोदेशीच्या मांडणीच्या खऱ्या फायली जमवू आणि आवृत्ती त्या सगळ्यांवर चालवल्याशिवाय बाहेर जाणार नाही. पहिली फाइल मी तिचीच घातली, उन्हाळ्याआधीची, तिला मेसेजवर विचारून. “घ्या,” एवढंच ती म्हणाली होती. जर्मन माणसाने उत्तर दिलं, “अखेर!” बाकीच्यांनीही मान्य केलं. इतकं कौतुक मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

मी ते सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिने तव्यावरचं धिरडं उलटेपर्यंत ऐकून घेतलं.

“नियम चांगले आहेत,” ती म्हणाली. “आता तिला फोन कर. आणि नियमांबद्दल एक शब्द बोलू नकोस. सामान बांधायला कधी येऊ, एवढंच विचार.”