मंडळासमोर दहा पावलं

जिन्याखालच्या त्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. आत शिलाई मशिनी, तेलाची कुपी, बॉबिनचे डबे आणि मधोमध फौजी. तो डावा पाय दुमडून आणि उजवा सरळ लांबवून बसायचा. गिऱ्हाइकांना वाटे, ही त्याची बसायची लकब असेल. त्याने तो गैरसमज कधी दूर केला नाही. मशीन मात्र तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. "सुई वाकडी आहे, मशिनीला शिव्या देऊ नका," असं तो रस्त्यावरून येणाऱ्याला आतूनच सांगे.

पूल बांधणाऱ्या लष्करी तुकडीत त्याने चौदा वर्षं काढली होती. एका सकाळी लोखंडी तुळई घसरली आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर येऊन बसली. हाड जुळलं, गुडघा काही जुळला नाही. लष्कराने कागदावर लिहिलं, अपंगत्व पन्नास टक्के, पाच वर्षांनी फेरतपासणी. आणि त्याला घरी पाठवलं.

पाच वर्षांनी तो वैद्यकीय मंडळासमोर गेला तो लग्नाला निघाल्यासारखा. आदल्या दिवशी बूट चमकवले, पँटला कडक इस्त्री केली, आणि काठी बाहेर बाकावर बायकोच्या हातात दिली. त्यांच्या तुकडीत एक न लिहिलेला कायदा होता: डॉक्टरसमोर लंगडायचं नाही. जो लंगडला त्याला कामचुकार म्हणत, आणि ते नाव जन्मभर चिकटे. "चालून दाखवा," मंडळाच्या प्रमुखाने म्हटलं. फौजी छाती पुढे काढून दहा पावलं ताठ चालला, वळला, दहा पावलं परत आला. प्रमुख म्हणाला, "शाब्बास!" आणि पन्नासाचे चाळीस झाले.

बाहेर येऊन त्याने हे गल्लीभर सांगितलं, जणू पदक मिळालं होतं. त्या दिवशी जिने चढताना तो घामाने भिजला होता, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. बायको एवढंच म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." त्याला ते कौतुकच वाटलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली आणि मग मुलीचा प्रश्न आला.

मुलगी चोवीस वर्षांची. तीन वर्षं एका ठेकेदाराकडे जमीन मोजायच्या फितीचं एक टोक धरून उभी राहायची आणि संध्याकाळी अभ्यास करायची. तिला मोजायचं वेडच होतं. घरातली टेबलं, खिडक्या, दुकानापासून नळापर्यंतचं अंतर, सगळं तिच्या वहीत असे. दुसऱ्या खेपेला ती मोजणी संस्थेची प्रवेश परीक्षा पास झाली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृह वेगळं. जिन्याखालच्या दुकानाला तो खर्च झेपणं शक्य नव्हतं. पण अपंग माजी सैनिकांच्या मुलांना तिथे सगळंच माफ होतं. प्रवेश घ्यायचा तर त्याच एका वाटेने.

माजी सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"अटी तीन आहेत, काका. मूल अविवाहित हवं. अर्जाच्या दिवशी पंचविशीच्या आत हवं. आणि वडील पन्नास टक्के किंवा वर."

"मी चाळीस आहे."

"तेच तर. चाळीसला काही नाही."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही. एकोणपन्नासलाही नाही."

मुलगी शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "दोन अटी माझ्या होत्या, बाबा. त्या मी पाळल्या." फौजीला ते चांगलंच लागलं. तो पंख्याकडे बघत राहिला.

बाईंनी फेरतपासणीचा अर्ज पुढे सरकवला. मुलीला पंचवीस पूर्ण व्हायला दोन महिने होते, तेवढ्यात मंडळ बसणार होतं. "या वेळी काठी घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे खोटं वागू?" फौजीचा आवाज चढला. रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या.

"खोटं मागच्या वेळी वागलात, काका. आता खरं वागा म्हणतेय."

घरी बायकोने तालीम घ्यायचं ठरवलं. खोलीच्या या टोकाला ती बसली आणि त्या टोकाकडून त्याला लंगडत यायला सांगितलं. आता गंमत अशी, की सांगून लंगडायचं म्हटल्यावर फौजीला ते जमेचना. पहिल्यांदा तो डाव्या पायाने लंगडला. दुसऱ्यांदा दोन्हींनी.

"फरशी निसरडी आहे," तो म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं! अहो, धड लंगडताही येऊ नये माणसाला?"

मुलगी खो खो हसली. तोही हसला. पण जेवताना त्याने ताट अर्ध्यावरच सारलं. आपल्या पायामुळे पोरीचं शिक्षण अडलं असतं तर त्याने नशिबाला बोल लावला असता. ते अडलं होतं त्याच्या ऐटीमुळे, आणि ते त्याला चांगलंच कळत होतं.

मंडळाच्या दिवशी मुलगी बरोबर गेली. या खेपेला मंडळावर दोन पुरुष आणि मधे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला, खाली ठेवला आणि म्हणाली, "चालून दाखवा."

काठी हातात होती. पण समोर टेबल, टेबलामागे अधिकारी आणि कानावर हुकूम. फौजीची पाठ आपोआप ताठ झाली, काठी काखेत गेली आणि तो दहा पावलं खाडखाड चालला. भिंतीपाशी वळताना त्याला कळलं, आपण काय करून बसलो. पण निम्म्यावरून लंगडणार तरी कसं? तसाच परत आला.

डॉक्टरिणीने पुन्हा फोटो पाहिला. "या गुडघ्यावर असं चालता येत नाही," ती म्हणाली. "सकाळी उठताना त्रास होतो?"

"नाही."

"कुणाची मदत लागते?"

"नाही."

तेव्हा मागून मुलगी बोलली. "मी सांगू का?"

डॉक्टरिणीने मान हलवली.

"पलंगापासून न्हाणीघराचं दार सतरा फूट आहे. बाबांना सकाळी तिथे पोचायला सव्वाचार मिनिटं लागतात. थंडीत सहा. आधी ते बसतात, पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवतात. मग कपाटाला धरतात, मग भिंतीला. भिंतीला जिथे हात लागतो तिथला रंग गेलाय, साडेतीन फुटांवर. जाताना ते तोंडात टॉवेल धरतात. आवाज होऊ नये म्हणून."

फौजी वळला. "तुला कसं माहीत? तुम्ही तर झोपलेल्या असता."

"आम्ही जाग्याच असतो, बाबा. मीपण, आईपण. तुम्ही दार लावलंत की मग उठतो."

"कधीपासून?"

"मला कळायला लागल्यापासून."

एका डॉक्टराने उगीचच पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. फौजीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतकी वर्षं त्याने एकाच खोलीत दोघींपासून दुखणं लपवलं होतं, आणि त्या दोघी त्याच खोलीत डोळे मिटून त्याला ते लपवू देत होत्या.

"पुन्हा चाला," डॉक्टरीण म्हणाली. "घरी चालता तसं."

या वेळी दहा पावलांना बराच वेळ लागला. शाब्बास कुणी म्हटलं नाही.

पत्र बारा दिवसांनी आलं. त्यात पन्नास टक्के लिहिलं होतं, कायमचे. मुलीला पंचवीस पूर्ण व्हायला तेव्हा चार दिवस उरले होते. कार्यालयातल्या बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, "काठी नेली होती ना?" फौजी म्हणाला, "नेली होती. उपयोग पोरीचा झाला."

पुढच्या महिन्यात मुलगी वसतिगृहात राहायला गेली. जाताना मोजायची फीत घेऊन गेली, वह्यांचा गठ्ठा मागे ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजीला नेहमीच्या वेळी जाग आली. तो उठून बसला, दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला आणि कपाटाकडे हात नेला. मग थांबला. शेजारी बायको भिंतीकडे तोंड करून निजली होती, श्वास अगदी संथ.

"अगं," तो म्हणाला. "जागी आहेस ना?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. अनेक वर्षांची सवय होती, एकदम कशी मोडणार?

"आहे," ती म्हणाली.

"मग जरा हात दे."