यल्लव्वाच्या दांड्या

रांग दिसली की सरांचा उजवा हात आपोआप पुढे व्हायचा. दोन बोटं पुढच्या माणसाच्या खांद्यावर टेकवायची, त्याला हलकेच जागेवर सरकवायचं आणि म्हणायचं, "लाईन म्हंजे लाईन. वाकडी झाली की तिची गर्दी झाली."

बँकेत, दूध केंद्रावर, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यासमोर, कुठेही. एका लग्नात तर जेवणाच्या टेबलापुढे त्यांनी खुद्द नवऱ्या मुलाच्या मामाला मागे पाठवलं होतं. मामा तापले. सर शांतपणे म्हणाले, "मामा, मान तुमचाच हाय की. पर पाळी ह्या पोरीची हाय." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याबरोबर बाहेर जायचा संकोच वाटतो, आणि तो नसला की रांगेत उगीच धक्के बसतात.

आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे, मी मराठी. मूळचे मंद्रूपचे. सगळी नोकरी सोलापुरात झाली तरी बोलणं गावाकडचंच राहिलं. सात रस्त्याच्या मागे एका गल्लीत आमची घरं समोरासमोर. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी, स्वाती, सहावीत होती. सर स्वतः वेण्या घालायला शिकले. सुरुवातीला त्या इतक्या घट्ट असायच्या की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या.

"सर, जरा सैल घाला," मी एकदा म्हटलं.

"सुटत्यात की वो बाई. आई न्हाय म्हनून केस सोडून फिरतीया, असं कुनी म्हनाय नको."

स्वाती फिजिओथेरपिस्ट झाली. पुढे शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथल्या एका मोठ्या शहराच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नोकरीला लागली. जन्मतःच हातपाय आखडलेल्या मुलांना बसायला, उभं राहायला शिकवायचं, हे तिचं काम. सरांना याचा अभिमान होता, पण त्याहून मोठा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा. "परीक्षा दिली, कागद दिले, व्हिसाच्या लाईनीत उभी ऱ्हायली," ते सांगायचे. "माझी पोरगी त्या देशात दारातनं गेली. खिडकीतनं न्हाय."

खिडकीतून गेलेल्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. टीव्हीवर तिकडच्या सरकारनं बिनकागदाच्या लोकांना पकडल्याची बातमी लागली की सर मान डोलवायचे. "लाईन मोडली, भाईर काडलं. ह्यात वाईट काय हाय?"

आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिकडे सकाळ. स्वाती दवाखान्यातून रोज व्हिडिओ कॉल करायची. एकदा मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, आज मला तुमची मदत पाहिजे. ही एलेना. हिला उभं राहायचाच कंटाळा येतो."

पडद्यावर चारेक वर्षांची एक मुलगी, गालावर खळी, पायांना पट्टे. शेजारी तिची आई संकोचून उभी. हॉटेलात भांडी घासून थेट आलेली, असं स्वातीनं सांगितलं. समोर दोन समांतर लाकडी दांड्या होत्या, धरून उभं राहायच्या.

सर खुर्चीतून उठले. बनियनवरच होते, तरी छाती काढून ताठ उभे राहिले आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "सावधाऽऽन!"

पोरगी दचकली आणि मग खदखदून हसली. दांड्या धरून उठली. गुडघे थरथरत होते. सर इकडे तालावर टाळ्या वाजवत होते आणि ती तिकडे दात दाखवत उभी होती. शेवटी धपकन बसली तेव्हा तिच्या आईनं कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले. हात जोडायचे हे तिला स्वातीनंच शिकवलं असणार.

"नाव काय म्हनलीस?"

"एलेना."

"यल्लव्वा!" सर खुश झाले. "आमच्या मंद्रुपात गल्लीला एक हाय."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा सर इस्त्रीचा शर्ट घालून फोनपुढे उभे राहायला लागले. यल्लव्वा एक हात सोडून उभी राहिली, त्या दिवशी ते माझ्याकडे पेढे घेऊन आले. "बाई, तोंड गोड करा. आमची यल्लव्वा सैल उबी ऱ्हायली."

मग एका आठवड्यात ती आलीच नाही. पुढच्याही नाही. सर शर्ट घालून बसायचे. स्वाती सांगत नव्हती, ते विचारत राहिले. अखेर ती म्हणाली, "त्यांच्याकडे कागद नाहीत, आप्पा. रस्त्यात कुणी पकडेल म्हणून आई घराबाहेर पडायला घाबरते. आमचं शहर म्हणतं, आमचे पोलीस कुणाला कागद विचारणार नाहीत, कुणाला धरून सरकारच्या ताब्यात देणार नाहीत. पण सरकारची माणसं फिरतातच ना."

सरांनी शर्टाची वरची गुंडी काढली. मग म्हणाले, "शहरानं असं म्हनायचं न्हाय. कायदा सरकारचा हाय. त्यांनी लाईन मोडलीया, स्वाती."

"एलेनानं कुठली लाईन मोडली, आप्पा? तिला अजून उभंच राहता येत नाही."

फोन कट झाला. कुणी केला ते मला समजलं नाही. त्यानंतर बापलेक बरेच दिवस बोलले नाहीत.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. जी शहरं बाहेरच्या लोकांना पकडायला मदत करत नाहीत, त्यांना द्यायचा पैसा तिकडचं केंद्र सरकार रोखणार. सकाळी फिरून आलं की आम्ही सगळे निवृत्त लोक चहाच्या टपरीवर बसायचो. तिथे सरांनी बातमी समजावून सांगितली. "सोपं हाय. शाळा ऐकत न्हाय म्हनलं की अनुदान अडवायचं. मंग कसे वटनीवर येतेत बगा."

आमच्या शाळेचं अनुदान मागे एकदा अडलं होतं, ते मला आठवलं. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचं काही थांबलं नव्हतं. आमचा प्रयोगशाळेतला परिचर मात्र घरी बसला, आणि पोरांनी वर्षभर प्रयोग फळ्यावरच पाहिले. मी तसं म्हटलंही. सरांनी हात झटकला. "ते येगळं वो बाई."

काही दिवसांनी संध्याकाळी स्वातीचा फोन आला. मी समोरच्या ओट्यावर भाजी निवडत होते. सर दारात उभे राहून बोलत होते, म्हणून ऐकू आलं.

"म्हंजे? तुमच्या दवाखान्याचा काय संबंध? तुमी कुनाला धरायचं, सोडायचं काम करता व्हय?"

मग नुसतंच "हं". पुन्हा "हं". फोन ठेवून ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि पायरीवर बसले.

"तिचा विभाग त्याच पैशावर चालतोय म्हनं," ते म्हणाले. "पोलिसाचा पगार चालूच हाय. लेकरांचा विभाग बंद करायलेत."

विभाग बंद म्हणजे नोकरी बंद. आणि तिच्यासारख्या परदेशी माणसाची नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. हे सगळं मला सरांनीच सांगितलं, एकेक शब्द अडखळत, पाठांतर विसरलेल्या पोरासारखं.

पुढचे दिवस विचित्र गेले. कधी बातमी यायची की कोर्टानं सरकारला अडवलं. त्या सकाळी सर सगळ्यांना चहा पाजायचे. मग बातमी यायची की सरकार वरच्या कोर्टात गेलं. मोबाईलवरच्या इंग्रजी बातम्या घेऊन ते माझ्याकडे यायचे. "बाई, हितं 'पेंडिंग' लिवलंय. पेंडिंग म्हंजे मिळनार का न्हाय?" मी म्हणायचे, पेंडिंग म्हणजे पेंडिंग. ते चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा तीच ओळ वाचायचे.

एकदा मला बरोबर घेऊन सात रस्त्यावरच्या एका वकिलांकडे गेले. वकील त्यांचेच विद्यार्थी, उभे राहून बोलले. "सर, हे तिकडचं शहर आणि तिकडचं सरकार यांचं भांडण आहे. यात आपण कुठंच नाही."

"मला म्हाईत हाय रे. मी नुसतं एक अर्ज लिवायचा म्हनतोय. कुनाला लिवू ते सांग."

"कुणालाच नाही, सर."

बाहेर आल्यावर सर रस्त्याच्या कडेला थांबले. सगळीकडून गाड्या येत होत्या. "शहर म्हनतंय आमचं बरोबर हाय. सरकार म्हनतंय आमचं बरोबर हाय. आसंल की. दोगं बी बरोबर आसतील," ते म्हणाले. "मंग माझी पोरगी कुटं चुकली, ते तरी सांगा की बाई."

मी रिक्षाला हात केला.

टपरीवर आमच्यातलेच एक जण, बँकेतून निवृत्त झालेले, त्या आठवड्यात पेपर उघडून म्हणाले, "बरं केलं. पैसा अडवल्याशिवाय हे लोक सुधारत नाहीत. काय सर?" त्यांना स्वातीचं माहीत नव्हतं. सरांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. सरांनी कप खाली ठेवला, चहा तसाच होता, आणि निघाले. वाद घातला नाही. आपलं मत बदललं असंही ते कधी, कुणापाशी म्हणाले नाहीत. माझ्यापाशीही नाही.

त्याऐवजी त्यांनी एक भलतीच गोष्ट केली. विभाग बंद व्हायच्या सुमारास त्यांनी स्वातीला विचारलं, "यल्लव्वाची उंची किती?"

"कशाला, आप्पा?"

"तू सांग तर."

वेल्डिंगवाल्याच्या दुकानात ते दोन दिवस स्टूल टाकून बसले. लोखंडी पाइपच्या दोन समांतर दांड्या, चार पाय, लहान मुलाच्या कमरेएवढ्या उंचीच्या. टोकं घासून गोल केलेली, लागू नये म्हणून. वर पिवळा ऑइलपेंट त्यांनी स्वतः मारला. दवाखाना बंद झाला तर झाला, दांड्या घरात असल्या की पोरगी घरात उभी राहील, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "अहो सर, अमेरिकेत दांड्या मिळत नसतील का?"

"मिळत्यात की. त्या माउलीला दुकानात जाता येतंय व्हय?"

मी रंगाचा ब्रश धुवायला घेतला.

टेम्पोत घालून दांड्या कुरिअरवाल्याकडे नेल्या. तो आधी हसला, मग सरांचा चेहरा पाहून हसायचा थांबला. पाठवता येईल म्हणाला, सुटं करून, फळ्यांत बांधून. खर्च ऐकून मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालंल. पत्ता रातच्याला देतो."

पत्ता आणायला स्वाती एलेनाच्या घरी गेली. दार कुणी उघडलं नाही. शेजारच्या बाईनं आधी स्वातीलाच निरखून पाहिलं, ही कोण, कशाला विचारते, म्हणून. मग एवढंच बोलली की ते लोक गेले. कुठे? माहीत नाही. स्वतः गेले की कुणी नेले? त्या बाईनं दार लावून घेतलं.

"पत्त्याशिवाय कसं जाईल, सर?" कुरिअरवाला म्हणाला. टेम्पो परत आला. दांड्या अंगणात उतरवल्या.

स्वातीला दुसरी नोकरी मिळाली नाही. मुदत संपायच्या आत ती दोन बॅगा घेऊन परत आली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, पोरगी बापाजवळ आली. सर सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणायचे. स्वाती दिवसभर आतल्या खोलीत असायची. एकदा मी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले, तर ती जमिनीवर बसून मोबाईलवर जुने व्हिडिओ पाहत होती, आवाज बंद करून. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पुढेही येत नव्हते, मागेही जात नव्हते. मला पाहून हळूच म्हणाले, "हिला काय म्हनावं, सांगा की बाई. मला काय बी सुचंना झालंय." शेकडो पोरांना एका शिट्टीत गप्प करणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याच माणसाचं हे वाक्य.

काही महिन्यांनी तिला हैदराबादच्या एका खासगी हॉस्पिटलात काम मिळालं. जाताना ती वडिलांना घेऊन गेली. सर आधी नको म्हणत होते, मग एके सकाळी गुपचूप पेटी भरली. आता ते तिथे नवव्या मजल्यावर राहतात. मी फोन करते. "बरं हाय की," म्हणतात, आणि फोन स्वातीकडे देतात. पूर्वी त्यांचा फोन ठेवायला मला कामाचं निमित्त काढावं लागायचं.

त्यांच्या घरात भाडेकरू आले आहेत. तरुण जोडपं, दोघंही दिवसभर कामावर. परवा रविवारी ती मुलगी अंगणात धुणं वाळत घालत होती. पिवळ्या दांड्यांवर तिनं चादर टाकली. निम्मी चादर जमिनीवर लोळली. तिनं ती उचलली, झटकली आणि मला हाक मारली.

"बाई, हे कपडे वाळवायलाच केलंय ना हो? मग एवढं ठेंगणं कसं काय केलंय?"

मी रस्ता ओलांडून गेले आणि चादरीचं एक टोक धरलं. तिनं चादरीची नीट चौघडी घातली आणि ती पुन्हा दांड्यांवर टाकली.