आलॉइस वेंकरचं दार

मिनेसोटातल्या आमच्या तळ्याकाठी पूर्वेला जेवढी घरं, तेवढीच पश्चिमेला. बरोबर मध्ये आलॉइस वेंकरचं घर आणि गोठा. माणूस मितभाषी, त्याचं मत काय आहे, हे त्याच्या बायकोलाही, ओटिलियालाही, विचारून घ्यावं लागे. पण त्या मार्चमध्ये सगळे त्याच्याच मतामागे लागले.

गावाची बर्फ लोटायची गाडी एकच. ती जिथून निघे, तिथलं दूध वेळेवर डेअरीत जाई. गावच्या अध्यक्षपदाला पूर्वेचा क्लीटस ब्राउनर आणि पश्चिमेचा मॅथ थाइसन उभे होते. आपापली बाजू खिशात असल्यामुळे दोघांनी आलॉइसलाच धरलं.

"गाडी पुलापासून काढू," क्लीटस म्हणाला.

"मी चर्चपासून काढतो," मॅथ म्हणाला.

असं सरकत सरकत दोघांचीही आश्वासनं आलॉइसच्या दारापाशी येऊन ठेपली. आलॉइस खूश, कारण ओटिलियाचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टर यायला रस्ता मोकळा हवा होता.

मतदानाला मात्र कोणी फिरकलं नाही. दोघं तेच करणार, तर थंडीत कशाला जायचं? आलॉइसही गेला नाही.

"अगं, कुणीही येवो, गाडी माझ्याच दारातून निघणार," तो मला, शेजारणीला, म्हणाला.

मतं पडली ती फक्त उमेदवारांची. स्वतःला मत देणं आमच्याकडे असभ्य समजतात, म्हणून दोघांनी एकमेकांना दिलं. बरोबरी झाली. चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या, तर त्या कुणाच्या टोपीत टाकायच्या, यावर भांडण.

तेवढ्यात वादळ आलं आणि ओटिलियाला कळा सुरू झाल्या. मी तिच्यापाशी बसले. आलॉइस स्कीवरून मतदानाच्या सभागृहात धावला, तिथे टोपीचं भांडण चालूच होतं. गावच्या डॉक्टरांना बोलावून मागे बसवलं आणि दोघं उमेदवार बर्फाच्या गाडीत चढले, पण बर्फ लोटायचं पातं वर उचलूनच. चर्चपाशी गाडी रुतली.

"अरे बाबांनो, पातं खाली घ्या!"

"तुझ्या दारापासून म्हणालोय, आलॉइस. शब्द दिलाय," क्लीटस म्हणाला.

"आणि चर्चपासून काढली, तर पूर्वेचे मला कच्चा खातील," मॅथ म्हणाला.

आलॉइस घरी आला, गोठ्याचं दार उचकटलं आणि बर्फावरून ओढत घेऊन गेला.

"याला काय झालं?" ओटिलियानं कण्हत विचारलं.

चर्चसमोर त्यानं ते बर्फात रोवलं. "हे माझं दार. करा सुरुवात."

दोघांनी खाली उतरून ते नीट निरखलं.

"त्याचंच आहे," मॅथ म्हणाला.

पातं खाली आलं. डॉक्टर बाळाच्या जेमतेम आधी पोचले आणि गरम पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेले. तिथे गायी होत्या. दार नसलेल्या गोठ्यात, त्या गारठ्यात, मी त्यांना कशी ठेवणार होते?