दुसरा डबा

ती केस अजूनबी मनातून जात नाय. निजामाचं राज्य होतं. मी गुलमंडीच्या चौकीत नवा जवान. साहेबांच्या नकला करून चौकी हसवायचो.

एका कापड दुकानदारानं फिर्याद दिली, पोरगं आईच्या सोन्याच्या पाटल्या घेऊन पळालं. लई शोधलं, पत्ता नाय. मग खबऱ्या आला. म्हणला, "त्या घरातून जेवणाचे दोन डबे निघतेत. दुकानात एकच पोचतो."

डबेवाल्या चाचाला आणलं. अमीनसाहेब, म्हंजी आमचे फौजदार, दरडावले, "दुसरा कुठं जातो?"

"पैठण दरवाजापर्यंत माझा, हुजूर. पुढं दुसऱ्याचा."

"कुणाला देतो तो?"

"ते त्याला ठावं. मी इचारत बसलो तर सारी कचेरी उपाशी राहील."

मी मागून त्याच्याच आवाजात "हुजूर, हुजूर" केलं. चाचा वळला. "आवाज जमला, बेटा. आता डोक्यावर पाटी घेऊन चालून दाखव."

तो खोटं बोलत नव्हता. डब्याला बांधलेल्या चिंधीचा रंग बघायचा, आपल्या टप्प्यापर्यंत न्यायचा, पुढच्या हातात द्यायचा. नाव नाय, चौकशी नाय. म्हणून तर डबे वेळेवर पोचायचे, न् म्हणूनच कबूल करायला कुणाकडं काय नव्हतं. साहेब म्हणले, "माणसं सोड. डब्याच्या मागं जा."

साध्या कपड्यात निघालो. दरवाजाशी हात बदलला, आणि डबा थेट स्टेशनाच्या मालधक्क्यावर. पोरगं तिथं कापसाच्या गाठी उचलत होतं. जेवू दिलं, मग धरलं.

"पाटल्या आईनंच दिल्या," ते म्हणलं.

आईला बोलावलं. नवऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती, आणि गप राहिली तर पोरगं तुरुंगात. खाली बघत म्हणली, "व्हय, मीच दिल्या. माझ्या माहेरच्या होत्या."

केस मिटली. बाप म्हणला, "आता त्याला घासबी जायचा नाय." पोरगं सुटलं ते हैदराबादच्या गाडीत बसलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं चाचाकडं तो डबा रिकामाच दिला. म्हणली, "तिकडं कुणी जात असलं तर द्या. पोरगं वळखील."

चाचानं पुढच्या हातात दिला. पोचला का, कधी कळलं नाय.

कागदावर मिटलं म्हंजी माणसाचं मिटत नाय, हे मी तिथं शिकलो. पुढं कितीतरी दिवस गस्तीवर त्या गल्लीतून जायचो. बाई दारात उभी असायची.  डबा परत आला का म्हणून माझ्या हाताकडं बघायची.