मामाची चामखीळ

आमच्या मामाने चाळीस वर्षं डॉक्टर-वकिलांच्या दारांवरच्या पाट्या कोरल्या. स्वतःच्या दारावर मात्र पाटी नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, पाटी कशाला?" ते खरंच होतं. मामा म्हणजे जमदग्नीचा अवतार, आणि हे ठाऊक नसलेला घरात तो एकटाच.

अडुसष्टाव्या वर्षी त्याला चित्रकार व्हायची उबळ आली. प्रदर्शनात स्वतःचाच चेहरा टांगायचा म्हणे. "हुबेहूब काढायला कॅमेरा आहे. मी आतला माणूस काढणार." आतला माणूस बाहेर येऊ नये म्हणून मामी उभा जन्म झटली होती.

आरशासमोर बसून त्याने मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने आपलं तोंड ओरखडलं. मग पत्रा ऍसिडमध्ये ठेवला, म्हणजे ओरखडे खोल जातात. दहा मिनिटं पुरे होती. तेवढ्यात शेजाऱ्याने मोरीचं पाणी आमच्या पायरीवर सोडलं. मामा भांडायला गेला तो पाऊण तासाने परतला.

पत्र्यात शाई भरून त्याने कागद दाबला. उचलला तर कपाळावर नांगरल्यासारख्या आठ्या, डोळे खाऊ की गिळू, आणि चामखीळ भलत्याच गालावर. जन्मभर पाट्या सरळ कोरल्या, त्यामुळे छाप उलटा उमटणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हा मी नव्हेच," म्हणत त्याने पत्रा घासून टाकायला कानस उचलली. चित्र पाचच्या आत पोचवायचं होतं, आणि दुसरा पत्रा नव्हता. मला फार वाईट वाटलं. दोन महिने तो इतका खुशीत होता, की दूधवाल्याशीसुद्धा नीट बोलला होता.

मामी हात पुसत आली. तिने कागद निरखून पाहिला.

"चामखीळ बरोबर आहे. आरशात ती उलटी दिसते तुम्हाला."

"आणि हे कपाळ? मी असा दिसतो?"

"भांडून आलात की असेच दिसता. बेचाळीस वर्षं तुमच्यासमोर मी बसतेय, आरसा नाही."

मामाने कानस खाली ठेवली. मग त्याने सहीसाठी पेन्सिल घेतली, पण हजारो नावं कोरलेला हात स्वतःच्या नावाशी अडला.

मामीने कागदाचा कोपरा दाबून धरला. "सावकाश लिहा," ती म्हणाली, "पण नीट वाचता येऊ द्या. मी कुणाला सोसलं ते लोकांना कळू दे."