सूर्यावर माझी नजर

तमाम पृथ्वीवासीयांना कळवण्यास खेद होतो, की त्या सकाळी सूर्यावर नजर ठेवण्याचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं.

टी. नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते. त्या मोबाइल नाकाला लावत, लांब धरत, ओढणीनं डोळे टिपत होत्या. या तमिळ मुलखात मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी माझी बाहीच धरली.

"काका, मी सूर्यावर लक्ष ठेवणाऱ्या उपग्रहाचं काम बघते, पण आत्ता मला काही दिसत नाहीये. सूर्यातून उसळलेला ढग कुठे चाललाय, बघा ना! आपल्याकडे येत असेल तर उपग्रहाची यंत्रं बंद करायला हवीत. ऑफिस माझ्या फोनची वाट बघतंय."

'काका' गिळून मी त्यांच्या मोबाइलमध्ये पाहिलं. मधे सूर्य झाकणारी काळी तबकडी, भोवती पांढरा धूर.

"डावीकडे चाललाय?"

"नाही हो. चहूबाजूंनी फुगतोय, बांगडीसारखा."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाजूला नाही, बहुतेक सरळ आपल्याकडेच!"

फोन करून त्यांनी यंत्रं बंद करायला लावली, तरी बोटं ओढणी पिळतच राहिली. रोज सूर्य बघणारी बाई डोळे मिटून बसली होती आणि घाम मला फुटला होता.

"वेगवान कण तासाभरात येतात, पण ढग पोचायला दोनेक दिवस लागतील," त्या पुटपुटल्या.

समोरचे तंजावरी मराठी आजोबा ताडकन उठले. "सिस्टर, मग माझा मोतीबिंदू आजच काढा, मलाही तो बघायचाय!"